बेंचवरचे देव आणि व्हाइसरॉय

पाचगणीत वाढलेल्या कुणालाही 'कॉन्व्हेंट' म्हणजे काय असं विचारा. उत्तर येईल, "शाळा!" त्यातही उंच भिंतीआडची, इंग्रजी, महागडी शाळा. आमच्याकडचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ सालचं. शिवाय इतर बोर्डिंग स्कूल्स आहेतच, गावात स्ट्रॉबेरीपेक्षा शाळा जास्त अशी परिस्थिती. मी शिकलो नगरपालिकेच्या मराठी शाळेत. त्यामुळे कॉन्व्हेंट म्हणजे 'आपण जिथे शिकलो नाही ती जागा' अशी माझी साधी-सोपी व्याख्या होती. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात मठ, संन्याशांनी राहायची जागा, हे डोक्यात पक्कं बसलं ते २०१८ च्या पावसाळ्यात, जुन्या गोव्यात. आणि तेही चर्च बघायला नाही, दगड बघायला गेलो तेव्हा.

झालं असं की नोकरीचं पहिलंच वर्ष, पहिलाच रिलीज कसाबसा पार पडला होता, आणि टीममधली सहा डोकी गोव्याला निघाली. मी शनिवार-रविवारला जोडून घरी आलेलो, म्हणून सुरूर फाट्यावर गाडीत घुसलो. पावसाळ्यातला गोवा म्हणजे रूम स्वस्त आणि समुद्र बंद. किनाऱ्यावर लाल बावटे, शिट्ट्या मारणारे जीवरक्षक, वरून पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कंटाळले तेव्हा कोणीतरी म्हणालं, चला, चर्च तरी 'करून टाकू'. (पर्यटनस्थळं 'करून टाकणारी' ही जमात तुमच्याही ऑफिसात असेलच.)

बॉम जेझसच्या बासिलिकेत रीतसर रांग लावून झाली. रस्ता ओलांडला की समोर से कॅथेड्रल, आणि त्याच आवारात मागच्या अंगाला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च. त्या चर्चला चिकटून जो मठ आहे, त्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. १९६४ साली सुरू झालेलं, १९८१-८२ मध्ये नव्याने मांडलेलं. चौघे चहाच्या टपरीवर थांबले. मी आणि टीममधला आणखी एक जण, असे दोघेच आत शिरलो. तो का आला ते नंतर कळलं, त्याला पावसातून आडोसा हवा होता.

आधी इमारतीबद्दल. टेबललँडवर क्रिकेट खेळून गुडघे लाल केलेल्या माणसाला जांभा दगड ओळखायला शिकवावं लागत नाही. आमचं अख्खं पठार त्याचंच. जुन्या गोव्यातली चर्चंही जांभ्याचीच, फक्त अंगावर चुन्याचा गिलावा. जांभा आपल्याकडे दिसतो तसा दणकट नसतो, पाऊस त्याला खातो, म्हणून चुन्याचा रेनकोट. बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, म्हणून ती लालभडक, 'अँटिक' दिसते आणि फोटोत मस्त येते. पण तेव्हापासून ती दर पावसाळ्यात भिजतेय. दिसायला छान म्हणून उपयोगाचा थर काढायचा, हे आमच्या क्षेत्रातही चालतं म्हणा.

फ्रान्सिस्कन साधू गोव्यात आले १५१७ मध्ये, आठ जण. १५२१ मध्ये त्यांचं पहिलं चर्च झालं. आत्ताचं दिसतं ते १६६१ चं. जुन्याचा दरवाजा तेवढा ठेवून बाकी नवीन बांधलेलं. गरिबीचं व्रत घेतलेल्या या मंडळींच्या चर्चमध्ये आत सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी वेदी आहे. पण शेजारचा मठ मात्र साधा. मध्ये चौक, चारी बाजूंनी ओवऱ्या, जाड भिंती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या देवळाची ओवरी आठवावी असंच. चौकात पाऊस पडत होता, आणि ओवरीत ओळीने वीरगळ, सतीशिळा, शिलालेख उभे होते.

पण त्याआधी भेटतो तो अल्बुकर्क. अफोन्सो द अल्बुकर्क, १५१० मध्ये गोवा जिंकणारा. ब्राँझचा धिप्पाड पुतळा, पूर्वी पणजीत होता. पणजीतल्या आझाद मैदानात खांबांचा जो मंडप आहे ना, तो मुळात याच्यासाठी बांधलेला. आता तिथे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे, म्हणजे गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या माणसाचं. पोर्तुगीजांचा महाकवी लुईश द कामोंइशही इथेच. वास्को द गामाच्या सफरीवर १५७२ मध्ये महाकाव्य छापणारा. त्याचा पुतळा १९६० साली बाहेर चर्चांच्या मधल्या हिरवळीवर उभा केला होता. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, पोर्तुगीज गेले. पुतळ्याला नंतर विरोध झाला आणि शेवटी तोही आत आला.

वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय. साठेक तैलचित्रं, सगळे उभे, सगळे तलवार-काठी-चिलखत घेऊन आपल्याकडे बघणारे. ही प्रथा जुआंव द कास्त्रोने १५४७ मध्ये सुरू केली. आधीच्या सगळ्यांची चित्रं त्याने करून घेतली, आणि मग पुढे येणाऱ्या प्रत्येकाचं चित्र लागत गेलं. चेहरे बघत बघत चालताना एक गंमत लक्षात येते. चिलखतं जातात, केसांचे टोप येतात, मग टोप जाऊन मिशा आणि पदकं येतात, पण उभं राहायची पोज तीच. कंपनीच्या रिसेप्शनमध्ये सीईओंचे फोटो लावतात तशी.

इथे माझा आडोशाला आलेला मित्र पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "हे सगळे बेंचवर आहेत रे!"

आयटीबाहेरच्यांसाठी सांगतो. ज्याला प्रोजेक्ट नाही पण अजून कंपनीच्या पटावर आहे, तो बेंचवर. रोज येतो, कार्ड स्वाइप करतो, एसीत बसतो. कोणी त्याला काम सांगत नाही आणि कोणी हाकलत नाही.

हसलो तेव्हा. पण खाली पुन्हा ओवरीत आलो आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण खाली जे होते, तेही बेंचवरच होते. कदंबकालीन विष्णू आहे तिथे, प्रभावळीत दशावतार कोरलेला. समोर उभं राहिलं की आपोआप चप्पल काढाविशी वाटावी इतका सुंदर. सूर्य आहे. भंगलेले हात, भंगलेली नाकं आहेत. गोव्याचे कदंब म्हणजे दहाव्यापासून चौदाव्या शतकापर्यंतचं राजघराणं. आपल्याला ते ठाऊक गोव्याच्या एसटीच्या नावामुळे! त्यांची देवळं आता जवळपास उरलीच नाहीत. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ जंगलात असल्यामुळे वाचलं असं म्हणतात. त्यांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर नदीपलीकडच्या दिवाडी बेटावर होतं. ते देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, देव डिचोलीकडे नार्व्याला नेला गेला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बारदेशात मिशन चालवत होते ते हेच फ्रान्सिस्कन, आणि तिथलीही देवळं त्याच शतकात गेली.

म्हणजे बघा, देवळं पाडली जात होती तेव्हा ज्यांचा धर्म चढत होता त्यांच्या मठात आता पडलेल्या देवळांचे देव उभे आहेत. हे एवढंच असतं तर मी 'काव्यगत न्याय' वगैरे म्हणून बाहेर पडलो असतो. पण मठवाल्यांचीही सुटका झाली नाही. १८३५ मध्ये पोर्तुगालच्याच सरकारने गोव्यातले साधूंचे पंथ बंद केले आणि मठ रिकामे झाले. शहर तर रोगराईने आधीच ओस पडत आलेलं. १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. शेजारच्या सेंट ऑगस्टीनच्या मठाचं छप्पर १८४२ मध्ये कोसळलं ते कोणी उचललंच नाही. आज तिथे मनोऱ्याचा अर्धा तुकडा उभा आहे. तेव्हा देव बेंचवर, साधू घरी पाठवलेले, जिंकणारा सेनापती बेंचवर, कवी बेंचवर, साठ साहेब वरच्या मजल्यावर बेंचवर. एका छपराखाली सगळे, आणि कोणी कुणाशी भांडत नाही. कारण इथे कोणाचीच पूजा होत नाही.

मला ते बरं वाटलं की वाईट, हे त्या दिवशी ठरवता आलं नाही. एका वीरगळापुढे मात्र मी बराच वेळ उभा राहिलो. त्यावर जहाज होतं. घोडे नाहीत, गायी नाहीत. वल्ही मारणारी माणसं आणि समुद्रावरची लढाई. बोरिवलीजवळ एक्सरला असे जहाजांचे वीरगळ आहेत हे वाचलेलं होतं, प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होतो. आणि डोक्यात आलं, अरे, आपल्या आजोळी देवळामागे हेच तर आहेत. फक्त तिथे जहाज नाही.

माझं आजोळ वाई तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, पुढे कळेल का ते. आमच्याच तालुक्यात भुईंजजवळ किकली म्हणून गाव आहे. चंदन-वंदनच्या पायथ्याशी, भैरवनाथाचं जुनं देऊळ आणि आवारात वीरगळच वीरगळ. वीरगळांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं ते. पुणे-सातारा करताना तुम्ही त्याच्या जवळून शंभर वेळा गेला असाल. आमच्या गावात तेवढे नाहीत. अकरा आहेत, लहान-मोठे.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, किंवा वीर आडवा पडलेला. बऱ्याचदा बाजूला गायी, कारण गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला धरून वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, म्हणजे पोचला एकदाचा कैलासाला. अगदी वर कलश आणि चंद्र-सूर्य. आकाशात ते आहेत तोवर याची आठवण राहील, असा करार. नाव बहुतेकांवर नसतंच. सतीशिळेवर कोपरात वाकलेला बाईचा हात, हातात बांगड्या.

आमच्या लहानपणी त्या दगडांवर बसून आम्ही आंबे खाल्ले, आज्या त्यांच्यावर कुरडया वाळत घालायच्या. पण दसऱ्याला त्यांच्यावर पाणी पडायचं, आपट्याचं पान पडायचं. एकाला शेंदूर लावून म्हसोबा केलेलं. हाताच्या शिळेला सगळ्या बायका 'हातवाली बाई' म्हणायच्या आणि तेल लावायच्या. मित्राच्या भाषेत सांगायचं तर हे दगड बेंचवर नव्हते. आठशे-नऊशे वर्षं झाली असतील, अजून प्रोजेक्टवर होते. काम मूळचं राहिलं नव्हतं, पण काम होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी देवळाचा जीर्णोद्धार निघाला.

जीर्णोद्धार म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहिती आहे. वर्गणी, व्हॉट्सॲप ग्रुप, चकचकीत ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग आणि शिखराला पाच रंगांचा ऑइलपेंट. मागच्या अकरा दगडांचं काय करायचं यावर ग्रुपवर तीन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणाला, कंपाउंडच्या पायात घाला, दगड मजबूत आहे. दुसरा म्हणाला, नको, चॉकलेटी रंग देऊन दर्शनी भिंतीत सिमेंटने बसवू, शोभा येईल. तिसरा पक्ष म्हणजे शहरात राहणारे आम्ही. आमच्यातल्या निम्म्यांनी लगेच लिहिलं, "म्युझियमला द्या!" आणि अंगठ्याची चित्रं पडली.

मामाने मला फोन केला. "तू ते गोव्याचं बघून आलायस ना? आठवडाभर डोकं खाल्लं होतंस सगळ्यांचं. मग आता सांग."

आता आली का पंचाईत! २०१८ मध्ये जे ठरवता आलं नव्हतं ते आता शनिवारच्या बैठकीआधी ठरवायचं होतं. पहिल्या पक्षाला उत्तर द्यायची गरजच नव्हती, आज्यांनीच ते हाणून पाडलं. दुसऱ्याला सांगणं सोपं होतं, ते मी इंजिनिअरच्या आवाजात सांगितलं. सिमेंट एकदा धरलं की दगड फोडल्याशिवाय सुटत नाही. ओल आत कोंडते. ऑइलपेंट दोन उन्हाळ्यांत पोपडे धरतो आणि पोपड्याबरोबर कोरीवकामाची वरची पापडी नेतो. सिमेंटचं लोकांना पटलं, बहुतेक दोन-तीन जणांच्या घराच्या स्लॅबला ओल होती म्हणून.

तिसऱ्या पक्षाशी बोलणं अवघड होतं, कारण तो माझाच पक्ष. म्युझियमविरुद्ध माझं काहीच नाही. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मीही घरच्यांना घेऊन गेलो होतो. गोव्यातला तो जहाजाचा वीरगळ संग्रहालयात नसता तर आज दिसलाही नसता. त्याचं देऊळ नाही, त्याला पाणी घालणारं कोणी नाही, त्याच्यासाठी ती ओवरी म्हणजे शेवटचा आसरा. ज्याचं सगळं गेलंय त्याने तिथे जावं. पण आमच्या अकरा जणांचं सगळं गेलं नव्हतं ना अजून! ते आम्ही आता घालवायला निघालो होतो. आणि वर त्याला 'जतन' म्हणणार होतो.

मामाला म्हटलं, हलवायचा विषय बाजूला ठेवू, आधी मोजू तरी. दोन शनिवार-रविवार मी, मामेभाऊ आणि शाळेतली चार पोरं. टेप, मोबाईल, आणि अर्थातच एक्सेल. प्रत्येक दगडाला नंबर, उंची, रुंदी, चौकटी किती, काय कोरलंय, कुठे फुटलाय. कपडे धुवायचा ब्रश आणलेल्या एका उत्साही पोराकडून ब्रश काढून घेतला. फक्त पाणी आणि मऊ फडकं. शेवटचा कॉलम मी आयत्या वेळी वाढवला: 'लोक काय करतात'. हाच कॉलम सगळ्यात लवकर भरला. चौथ्या नंबरपुढे एका घरातल्या लग्नाचा नारळ पहिल्यांदा ठेवतात. का, ते त्या घरालाही ठाऊक नाही. सातव्याला मूल चालायला लागलं की हात लावून आणतात. म्हसोबाला कोंबडं. असल्या गोष्टी लेबलवर येत नाहीत. तिथे काळ येतो, दगडाचा प्रकार येतो. आणि दगड हलला की या कॉलमचा अर्थच संपतो.

दुसऱ्या रविवारी दुपारी पाच नंबरच्या खालच्या चौकटीवरचा तेला-धुळीचा थर फडक्याने सुटला, आणि त्याखाली गायी निघाल्या. ओळीने, शिंगं मागे वळलेल्या, एक वासरू आईच्या पोटाखाली. त्यांच्यासमोर ढाल-तलवार घेतलेला माणूस, आणि त्याच्या पायाशी तोच माणूस आडवा. मामा साठ वर्षं या दगडावर बसत आलाय. तो खाली वाकला आणि बोटाने मोजायला लागला. "सहा. सात. आन ह्ये वासरू." मग उठून उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. बैठकीत त्याने फक्त एवढंच सांगितलं की गुरं आपल्या गावची आहेत, आणि ती कुठं जाणार नाहीत.

शेवटी जे झालं ते फार देखणं वगैरे नाही. देवळामागे हातभर उंच दगडी कट्टा, त्यात वाळूच्या भरावात अकरा जण उभे, सिमेंट नाही, वर पत्र्याची शेड. पत्र्याच्या पन्हळीचं पाणी कट्ट्यावर पडत होतं, ते यंदा वळवलं. आणलेला चॉकलेटी रंग रेलिंगला लागला. गावाचं नाव आता कळलं का सांगितलं नाही? असले दगड रात्रीत गायब होतात.

एक मुद्दा राहिला तेलाचा. हातवालीला तेल लावू नये असं मी सांगून ठेवलं होतं. त्या शिळेपुढे हात जोडताना मी नेहमीच अडखळतो, हे इथे सांगून टाकतो. कुणा बाईला जाळलं, आणि वर बांगड्यांचा हात कोरून दिला. त्यात गौरव कसला? पण आज्यांच्या तोंडी सती हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. त्यांच्यासाठी ती 'बाई'. अंगणात उभी असलेली, कोणाची तरी.

कट्टा झाल्यावर पहिल्या अमावास्येला आजी बाटली घेऊन आलीच. मी दगडाची छिद्रं, धूळ, थर सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. बाप्यांना नाही लावत. हिला लागतं."

"अगं पण..."

"अंगाला नाही लावत बाबा. हातालाच."

आणि लावलं. कोपरापासून बांगड्यांपर्यंत, सावकाश. संध्याकाळी मी शीट उघडलं, नऊ नंबरच्या ओळीत शेवटच्या कॉलममध्ये टाईप केलं: 'तेल, फक्त हाताला.' आणि सेव्ह केलं.